भिंतीआडचं पाणी

प्रश्न : मुलुंड पूर्वेला 1986 सालच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके आम्ही पसंत केला आहे. मालक बँकेतून निवृत्त झालेले, अगदी सज्जन गृहस्थ. बाथरूमला नव्या टाइल्स आहेत, किचन मॉड्युलर आहे, घर चकाचक. बोलता बोलता ते अभिमानाने म्हणाले, "नळाचं सगळं काम मी स्वतः केलंय. वीस वर्षांत प्लंबरला एक रुपया दिलेला नाही." माझे दीर म्हणतात, एवढा हौशी माणूस म्हणजे घर जपलेलंच असणार, टोकन देऊन मोकळे व्हा. मला मात्र त्या वाक्यापासून झोप नाही. वेगळी पाहणी करून घेणं हा उगाचचा खर्च आहे का? आणि पाहणीत नेमकं बघतात काय? — एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : ताई, झोप उडायला वाक्य योग्य निवडलंत. टोकन देऊ नका. निदान येता रविवार जाऊ द्या.

मालकांवर माझा राग नाही, हे आधीच सांगतो. मी 34 वर्षं मुंबईत पाना घेऊन फिरलो. स्वतःच्या घराचं काम स्वतः करणारा माणूस पुष्कळदा नाक्यावरून उचललेल्या मिस्त्रीपेक्षा बरं काम करतो. टेफ्लॉनचे वेढे मोजून देईल, काम झालं की फडकं मारेल. अडचण निराळी आहे. त्याने आयुष्यात एकच बाथरूम केलेलं असतं. नळ सोडला, पाणी आलं, झालं काम. आमच्याकडे पाणी आल्यावर परीक्षा सुरू होते. लाइनची सगळी तोंडं बंद करायची, हातपंपाने दाब द्यायचा, काटा कितीवर आहे ते भिंतीवर लिहून ठेवायचं आणि दोन तासांनी परत बघायचं. काटा उतरला नाही तरच भिंत बुजवायची. घरमालकाकडे तो पंप नसतो, आणि आतून आवाज येत असतो, पाणी सोडताय ना, कुकर लावायचा राहिलाय. मग लादी बसते आणि परीक्षा राहून जाते.

विक्रोळीला एका घरात बेडरूमच्या भिंतीला लोणा लागला होता. पलीकडे बाथरूम. रंग तीनदा काढून झालेला, तिन्ही वेळा पोपडे. शेवटी बाथरूमच्या बाजूने लादी उचकटली. आत अर्धा इंची जी.आय., म्हणजे लोखंडी पाइप. पाइपवर सायकलच्या ट्यूबची पट्टी. पट्टीवर तांब्याची तार पक्कडीने पिळून बांधलेली. तारेवर एम-सील, एम-सीलवर पांढरं सिमेंट, आणि सगळ्यावर मोराचं चित्र असलेली लादी. एकेक थर सोलताना मला हसू येत होतं आणि कौतुकही वाटत होतं, काय चिकाटी! खालचा पाइप बोटाने दाबला तर गंजाचे पापुद्रे हातात आले. गळती थांबलीच नव्हती. पूर्वी बाथरूममध्ये थेंब पडायचा, पट्टी बसल्यावर तेच पाणी भिंतीतून बेडरूमकडे झिरपायला लागलं. ज्यांनी पट्टी बांधली ते घर विकून गावी गेलेले. नव्या मंडळींनी दोन वर्षं ती बाहेरच्या भिंतीची ओल समजून सोसायटीशी भांडण काढलं. एम-सील वाईट नाही हो, माझ्या पिशवीत कायम असतं. पण पाइप बदलायचं काम त्याला दिलं की ते तरी काय करणार?

आता तुमची इमारत. 1986 सालची म्हणजे मूळ लाइन बहुतेक जी.आय.ची, आणि सांडपाण्याचे उभे पाइप बिडाचे. जी.आय. म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. इतक्या वर्षांत मुलामा जातो आणि आतून गंजाचं कवच चढत राहतं. मी कापलेल्या काही पाइपांत पेन्सिल जेमतेम जाईल एवढीच वाट उरलेली होती. असा पाइप एका जागी गळला की हौशी माणूस तेवढाच फूटभर कापतो आणि मधे सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा तुकडा घालतो. उरलेला पाइपही त्याच वयाचा आहे, हे त्या दिवशी कोणाला आठवत नाही. शिवाय लोखंडी आट्यांवर प्लास्टिकचे आटे पान्याने आवळले तर प्लास्टिक चिरतं. लगेच नाही, चार-सहा महिन्यांनी, केसाएवढी चीर. तिथे पितळी आट्यांचं फिटिंग लागतं. ते महाग असतं आणि मागितल्याशिवाय दुकानदार पुढे करत नाही.

प्लास्टिकचे पाइप चिकटवायच्या सोल्युशनचंही तसंच. पीव्हीसीचा डबा वेगळा, सीपीव्हीसीचा वेगळा. घरात आधीचा अर्धा डबा पडलेला असतो, तो वाया कशाला घालवा म्हणून तोच लावला जातो. जोड चिकटतो, वर्षभर चालतोही.

माझ्याच बहिणीचं ऐका. तिने कांदिवलीला रिसेलचा फ्लॅट घेतला तेव्हा मी गोव्याला साइटवर होतो. "भाऊ प्लंबर आहे, येऊन बघेल" यावर सगळे निर्धास्त. आधीच्या मालकांनी गीझरपासून शॉवरपर्यंत साधा पांढरा यूपीव्हीसी पाइप घातलेला. थंड पाण्याला तो उत्तम, पण गरम पाणी 60 अंशांकडे सरकलं की मऊ पडतो. गौरी आवाहनाच्या सकाळी घरात अकरा माणसं, एकामागून एक आंघोळी, गीझरला उसंत नाही. सातव्या आंघोळीला भिंतीतला एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड सुटला. पाणी उतरलं ते खालच्यांच्या हॉलमध्ये, नेमकं मखरावर. रात्रभर जागून केलेली कागदी कमळं होती. खालच्या काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि बहिणीला तेच जास्त लागलं. मी दुसऱ्या दिवशी पोचलो. गीझरखाली वीतभर पाइप उघडाच होता, त्यावर छापलेलं स्वच्छ वाचता येत होतं : आयएस 4985. तो थंड पाण्याच्या पाइपाचा भारतीय मानक क्रमांक. गरम पाण्याच्या सीपीव्हीसीवर आयएस 15778 असतं. घर घेण्याआधी कोणी टॉर्च मारून वाचलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. भावाने वेळेवर बघितलं नाही, हे मला अजून दर गणपतीत ऐकावं लागतं.

पाणी गळलं तर घर खराब होतं. पुढची गोष्ट जिवाशी आहे, म्हणून जरा थांबून वाचा. जुन्या घरांत गीझरचं अर्थिंग पाण्याच्या पाइपलाच बांधलेलं सापडतं. लोखंडी पाइप सलग जमिनीपर्यंत जायचा, तेवढ्यावर भागायचं. मधे प्लास्टिकचा दोन फुटांचा तुकडा आला की तो रस्ता तुटतो. पुढे कधीतरी गीझरचं एलिमेंट फुटतं आणि करंट नळात उतरतो. "नळाला ओला हात लावला की मुंग्या येतात" असं कोणी म्हणालं तर मी आधी मेन स्विच बंद करायला लावतो, बाकी चौकशी नंतर. तुमच्या मालकांनी पाइप बदलले असतील, पण पाइप बदलताना वायरिंगचा विचार बँकेतल्या माणसाला सुचणार कसा? म्हणून पाहणीला प्लंबरबरोबर इलेक्ट्रिशियनही न्या. गीझरला वेगळी अर्थिंगची वायर आहे का, बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारी कळ आहे का आणि तिचं टेस्टचं बटण दाबलं की ती खटकन पडते का, एवढं त्याने बघायचं. तिथेच गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हकडेही नजर टाका. तो अधूनमधून टिपकतो आणि टिपकणं हे त्याचं कामच आहे. हौशी लोकांना ते खपत नाही, ते त्याला डमी, म्हणजे बूच मारून टाकतात. वाफेला बाहेर पडायला वाट नसलेला गीझर डोक्यावर टांगून आंघोळ करणारी शिकलीसवरलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता पाहणीचं. आपल्याकडे घर घेताना वकील कागद बघतो, घरातले ज्येष्ठ देवघराची दिशा बघतात, मुलं नेटवर्क बघतात. बाथरूममध्ये मान वर करून कोणी बघत नाही. बँकेचा व्हॅल्युएशनवाला येऊन जाईल म्हणून निश्चिंत राहू नका. तो चौरस फूट मोजतो, फोटो काढतो आणि जागेची किंमत लावतो. नळ सोडून बघणं त्याच्या कामात बसत नाही. तुम्हाला महापालिकेचं लायसन्स असलेला प्लंबर किंवा गळतीच्या कामाची सवय असलेला सिव्हिल इंजिनिअर लागेल. घरपाहणी करून लेखी रिपोर्ट देणाऱ्या कंपन्याही आता आहेत. फक्त एजंटने आणलेला माणूस नको, आणि मालकांच्या ओळखीचाही नको. जो पाहणी करेल त्याला आधीच सांगून टाका की दुरुस्तीचं काम तुम्हाला मिळणार नाही. मग बघा, दोषांची यादी कशी आटोपशीर होते.

सुरुवात त्या घरातून करायचीच नाही. आधी एक जिना उतरून पहिल्या मजल्यावर जायचं, बेल वाजवायची, "वरचा फ्लॅट आम्ही घेतोय" असं सांगायचं. चहा होईलच. मग त्यांच्या संडास-बाथरूमचं छत बघायला मागायचं. त्या काळच्या पुष्कळ इमारतींत वरच्या बाथरूमचे सांडपाण्याचे पाइप खालच्यांच्या छताखालून जातात, म्हणजे तुमच्या मालकांची अर्धी कारागिरी तिथे उघड्यावर आहे. डाग, सुटलेलं प्लास्टर, सळईचा गंज, जोडाभोवती थापलेला सिमेंटचा गोळा, सगळं दिसेल. छताला नुकतंच पीओपीचं फॉल्स सीलिंग मारलेलं असेल तर का मारलं ते विचारा. आणि त्या घरातल्या मावशी बोलायला लागल्या की मधे तोंड घालू नका.

तिथून सेक्रेटरींकडे. या फ्लॅटबद्दल गळतीची काही पत्रं फायलीत आहेत का, बाथरूम फोडताना मालकांनी सोसायटीची परवानगी घेतली होती का, हे विचारा. इमारत तीस वर्षांच्या पुढची आहे, तेव्हा मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम 353-ब प्रमाणे तिचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं असायला हवं. तो रिपोर्ट मागा. त्यात तुमच्या विंगच्या संडासांच्या रांगेबद्दल काही लिहिलेलं असतंच असतं.

मग घर. तुमच्या माणसाला किमान दोन-तीन तास लागतील. अर्ध्या तासात उठला तर पैसे देऊ नका. तो आधी घराचा मेन व्हॉल्व्ह शोधेल. कित्येक हौशी घरांत तो लादीआड गेलेला असतो किंवा फिरवताच हातात येतो. मग सगळे नळ एकदम सोडून धार कुठे मरते ते बघेल. सिंकखालचं कपाट रिकामं करायला लावेल, आणि करायला लावलंच पाहिजे. मॉड्युलर किचनच्या मागे काय आहे ते तिथूनच कळतं. वेस्ट पाइपला ट्रॅप, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणारा बाक आहे की नुसता पन्हाळीसारखा पाइप भिंतीत खुपसलाय, प्लायचा तळ फुगलाय का, अँगल कॉकच्या बुडाला हिरवट-पांढरे खडे जमलेत का. न्हाणी ट्रॅपची जाळी उचलून आतलं पाणी बघेल. आपल्या न्हाणीचा हा ट्रॅप इंग्रजीतल्या सरकारी दरपत्रकांतही 'नहानी ट्रॅप' म्हणूनच छापला जातो, याचं मला उगाच बरं वाटतं. त्यात 50 मिलिमीटर पाणी कायम उभं राहायला हवं, ते नसलं की गटाराचा वास आणि झुरळं थेट घरात. बाथरूममध्ये रहिवाशांनी लादीवर लादी बसवलेली असते, तेव्हा हा ट्रॅप कुठेतरी खोल विहिरीसारखा दिसतो आणि उंबरा मात्र बुटका होतो. एक बादली ओतून पाणी कुठे धावतं ते बघा. नव्या लादीखाली वॉटरप्रूफिंग जुनंच असतं, हे मालकांनाही ठाऊक नसेल.

लाद्या नाण्याने वाजवून पोकळ कुठे लागतात ते ऐकतात, ओलाव्याचा मीटर टेकवतात. हल्ली थर्मल कॅमेराही आणतात. त्याला पाणी दिसत नाही, गार-गरम फरक दिसतो. त्यामुळे गीझर चालू करून गरम पाणी सोडल्यावरच तो कामाचा. मला हे काम केंद्रपाड्याच्या एका मिस्त्रीने शिकवलं. ओडिशातल्या त्या जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या प्लंबर बाहेर पडले, मुंबईतही भरपूर आहेत. तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. भिंतीतली बारीक सूं ऐकू यायची. मी अजून तेच करतो, लोक हसतात.

दाबाची टेस्ट मालक मान्य असतील तरच. जुन्या लाइनला नव्यासारखा सहा-सात किलो (चौरस सेंटिमीटरला) दाब मारायचा नसतो, नाहीतर बरा पाइपही फुटायचा. गच्चीवरच्या टाकीचा दाब दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो पडतो. त्यापेक्षा थोडासा जास्त देऊन दोन तास थांबायचं. बाथरूमचा ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी 24 तास उभं करायची टेस्टही खालच्यांना विचारूनच.

आणि एक, डक्टच्या, म्हणजे पाइप उतरतात त्या बोळाच्या खिडकीतून डोकं बाहेर काढा. वॉशिंग मशीनचा पाइप पावसाच्या पाण्याच्या पाइपात सोडलेला असतो, ही मुंबईतली लाडकी कारागिरी. जुलैत तो पाइप तुंबतो आणि फेस वर येतो. कॉलमला किंवा बीमला खाच पाडून त्यातून पाइप नेलेला दिसला, तर मात्र प्लंबरला बाजूला करून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

खर्चाचं विचारलंत. घर तुमच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुंबईत मुद्रांक शुल्क 5 टक्के, घरातल्या पुरुषाच्या नावावर 6 टक्के, नोंदणीचे 30 हजार वेगळे. त्यापुढे पाहणीची फी म्हणजे पेढ्यांचा खर्च. उलट एक बाथरूम तळापासून फोडून नवं करायचं तर माझ्या पाहण्यात लाखाच्या आत काम होत नाही, आणि शिवाय महिनाभर शेजाऱ्यांच्या दारात आंघोळी.

दोष निघाले म्हणून पळू नका. इतक्या जुन्या घरात दोष निघणारच. रिपोर्ट समोर ठेवून किंमत कमी करून घ्या, किंवा काही रक्कम ताबा मिळाल्यावर एक पावसाळा जाईपर्यंत मागे ठेवायची, असं करारात वकिलाकडून लिहून घ्या. मालकांना एक प्रश्न जरूर विचारा : "लादी बसवायच्या आधी पाइपांचे फोटो काढले होते का?" बँकेतला माणूस आहे, काढले असतील, वहीत मापंही असतील. तसे फोटो निघाले तर माझ्यातर्फे त्यांना नमस्कार सांगा.

प्रश्न : आमच्या बाथरूमच्या छताला ओल आहे. वरचे म्हणतात, "आमचं काही गळत नाही, मी स्वतः कमोडभोवती पांढरं सिमेंट भरलंय." सोसायटी म्हणते, तुम्ही आपापसात मिटवा. काय करावं? — एक वाचक, दादर

उत्तर : कमोडभोवती पांढरं सिमेंट भरलं म्हणजे गळतीला झाकण लावलं. कमोड आणि पाइप यांचा जोड खाली असतो, तो तसाच राहिला.

भांडायच्या आधी पंधरा दिवस एक वही घाला. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा, शेजारी तारीख आणि वेळ. सकाळी आंघोळींनंतर डाग वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप किंवा वॉटरप्रूफिंग. सोसायटी पाणी सोडते त्या वेळेला वाढत असेल तर नळाची लाइन. वरचे गावाला गेले तरी छत ओलंच राहत असेल तरीही लाइनच, कारण तिच्यात पाणी भरलेलं असतं. फक्त पावसात वाढत असेल तर बाहेरची भिंत, आणि मग तो खर्च सोसायटीचा. मग वरच्यांच्या समोर, त्यांच्याच हाताने फ्लशच्या टाकीत आणि न्हाणी ट्रॅपमध्ये वेगवेगळ्या रंगाचं पाणी सोडून बघा. कोणता रंग तुमच्याकडे उतरतो ते सगळ्यांनी मिळून बघायचं. रंग उतरला की वादाला जागा उरत नाही. उतरला नाही तर लगेच निर्दोष समजू नका, कोब्यातून यायला त्याला दोन-तीन दिवसही लागतात.

"आपापसात मिटवा" हे काही सोसायटीचं उत्तर नव्हे. आदर्श उपविधींप्रमाणे संडास, सिंक वगैरेंच्या आतल्या गळतीचा खर्च त्या सदस्याचा, पण सोसायटीने मधे पडून तो करवून घ्यायचा. नोटीस देऊन घराची पाहणी करायचा अधिकारही कमिटीला आहे. वहीची झेरॉक्स जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

प्रश्न : माहीमला नव्याने घेतलेल्या घरात स्वयंपाकघरातलं पाणी कधी कधी मचूळ लागतं. शेजाऱ्यांना तसं काही जाणवत नाही. महापालिकेच्या पाण्यात दोष असेल का? — एक वाचक, माहीम

उत्तर : शेजाऱ्यांचं पाणी गोड आणि तुमचंच मचूळ, मग पालिकेला कशाला दोष? फ्लशसाठी बोअरचं पाणी वेगळ्या लाइनने येतं का ते विचारा. समुद्राजवळ ते खारट असायचंच. अशाच एका घरात आधीच्या मालकांनी डोकं लढवलं होतं : एक पाणी गेलं तर दुसरं असावं म्हणून माळ्यावर दोन्ही लाइनी टी लावून जोडल्या आणि मधे एक व्हॉल्व्ह ठेवला. व्हॉल्व्ह जुना झाला, पूर्ण बंद होईना. नळाच्या लाइनचा दाब कमी झाला की बोअरचं पाणी हळूच पलीकडे. त्या घरातल्यांनी आरओ बसवलं, चव गेली, आणि खरं कारण आणखी दोन वर्षं लपून राहिलं.

टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र कोणाकडून तरी मागून आणा. आपलं तलावाचं पाणी सहसा शंभरीच्या आसपास किंवा त्याखाली दाखवतं. तुमच्या नळाचा आकडा सकाळ-संध्याकाळ उड्या मारत असेल, आणि बोअरच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर स्थिर होत असेल, तर जोड आहेच. तो शोधून कापायचा. व्हॉल्व्ह बंद करून भागवू नका. मधला तुकडा काढून दोन्ही टोकांना डमी लावा. तोवर पिण्याचं पाणी शेजाऱ्यांकडून आणा, नुसतं उकळून खार जात नाही. काम झाल्यावर पाण्याची जंतूंची तपासणी एकदा करून घ्या.

प्रश्न : माझा अकरावीतला मुलगा मोबाइलवर बघून घरातले नळ दुरुस्त करतो. करू द्यावं का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जरूर करू द्या. नळाचा वॉशर, शॉवरची जाळी, फ्लशच्या टाकीतला फ्लोट, सिंकखालचा बॉटल ट्रॅप, जे उघड्यावर आहे आणि गळलं तर त्याला स्वतःला दिसेल ते सगळं त्याचं. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीसेक लिटर पाणी घालवतो, ते त्याला मापट्याने मोजायला लावा. लादीच्या आत जाणारं काहीही आणि गीझरचं काहीही त्याचं नाही. कामाआधी मेन व्हॉल्व्ह बंद करायचा आणि सिंकच्या भोकावर फडकं टाकायचं, नाहीतर स्क्रू थेट चेंबरमध्ये जातो. जुना वॉशर दुकानात सोबत न्यायला सांगा, नुसतं "अर्धा इंची द्या" म्हणून भलताच मिळतो.